शंभर रुपयांतला एक पैसा

पुणे शहराचा रोजचा कचरा कधीच दोन हजार टनांच्या पुढे गेला. त्यात शंभरात एक भाग काच आहे असं धरू. अंदाज मुद्दाम हात राखून करतो आहे. म्हणजे रोज 20 टन. बियरची 650 मिलिलिटरची रिकामी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते, तेव्हा हिशोब झाला दिवसाला 40,000 बाटल्यांचा. मिनिटाला 27 किंवा 28, रात्रीचे तीन वाजले असले तरी. वर्षाच्या होतात 1 कोटी 46 लाख. रस्त्यावर एकीपुढे एक आडव्या मांडत गेलो, तर श्रीनगर ते कन्याकुमारी हा सगळा महामार्ग संपेल आणि उरलेल्या बाटल्या समुद्रात आणखी पुढे जातील. प्रत्यक्षात या 20 टनांत जॅमच्या बरण्या, औषधांच्या बाटल्या आणि खिडक्यांच्या फुटक्या काचाही आल्या. सगळा दोष पिणाऱ्यांना नको.

आता पुण्यातल्याच बिबवेवाडीत या. तिथल्या अप्पर वस्तीचा चढ ज्यांनी पायी चढला आहे, त्यांना पुढचं गणित सांगावं लागणार नाही. कचरावेचक बाई डोक्यावर 40 किलोपर्यंत ओझं नेते. गोणीत रद्दी असेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर काही शे रुपये हातात पडतात. तेवढ्याच वजनाची काच असेल तर किलोला रुपया, फार तर दोन. म्हणजे अख्ख्या गोणीचे 40 ते 80 रुपये. वर हात कापण्याची धास्ती. पुन्हा भरण्याजोगी अख्खी बियरची बाटली तेवढी नगावर खपते, बाकीचा माल किलोवर. काच मागे राहते यात बाईचा आळस नाही. तिला व्यवहार कळतो.

आणि मागे राहते ती केवढी गुणी वस्तू! काच कितीही वेळा वितळवा, कस उतरत नाही. एक टन जुनी काच भट्टीत घातली की साधारण 1.2 टन वाळू, सोडा आणि चुनखडी वाचते. भट्टी 1,500 अंश सेल्सिअसच्या आसपास धगधगत असते. मिश्रणात दर दहा टक्के जुनी काच वाढवली की इंधन अडीच-तीन टक्क्यांनी कमी लागतं. आपल्या 20 टनांवर वर्षाला 8,760 टन कच्चा माल वाचेल. दहा टनी ट्रकच्या 876 खेपा. युरोपात काचेच्या बाटल्या-बरण्यांपैकी 80 टक्के परत गोळा होतात. अमेरिकेत 2018 साली हे प्रमाण 31 टक्के होतं, आणि तिथे काचसंकलनासाठी गावांना अनुदान देणारी वेगळी संस्थाच आहे.

आपल्याकडे अनुदान उलट्या दिशेने वाहत आलं आहे. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी एसएनडीटी विद्यापीठाने एक अभ्यास केला. कचरावेचक भंगार आधीच उचलतात, त्यामुळे महापालिकेचे वर्षाला 1 कोटी 58 लाख रुपये वाचतात, असं त्यातून निघालं. माणशी महिन्याला 246 रुपयांची फुकट मजुरी. शहरातल्या सर्वांत गरीब बाया महापालिकेला अनुदान देत होत्या! पुढे 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली, शुल्क मिळू लागलं; पण काचेचा काट्यावरचा भाव काही त्यामुळे चढला नाही.

समजा, काचेच्या प्रत्येक किलोमागे दोन रुपये अनुदान द्यायचं ठरलं. वर्षाची 73 लाख किलो काच, म्हणजे 1 कोटी 46 लाख रुपये. 2001 साली या बायांनी वाचवून दिले, त्याहूनही 12 लाखांनी कमी. महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं. त्यातल्या शंभर रुपयांमागे ही रक्कम भरते साधारण एक पैसा. 2011 च्या जनगणनेतले 31 लाख पुणेकरच धरले तरी माणशी वर्षाला पावणेपाच रुपये. तेवढ्यात हल्ली कटिंग चहासुद्धा येत नाही.

पैसा पैसा जमवून काचेचा उद्योग उभा करण्यात पुणे जिल्हा तसा मुरलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड काढला, लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि 1908 साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना सुरू झाला. तेव्हा रुपयाचे पैसे 64. एक लाख रुपये जमवायचे तर 64 लाख वेळा हात पुढे करायचा.

मात्र अनुदानाच्या दोन रुपयांतले सगळेच बाईच्या पदरात पडतील असं नाही. बिबवेवाडीतली शंभर घरांची सोसायटी घ्या. घरटी आठवड्याला एक तीनशे ग्रॅमची बरणी निघाली तर वर्षाला दीड टन काच होते. अनुदान तीन हजारांच्या वर. पण त्या ढिगात कपाचा एक टवका किंवा चिनी मातीच्या बरणीचा तुकडा आला, तर तो काचेच्या तापमानाला वितळत नाही. नव्या बाटलीत खड्यासारखा अडकतो आणि बाटली तिथेच तडकते. पांढरी, हिरवी, तपकिरी काचही वेगळी काढावी लागते. म्हणजे वर्गीकरणाची शेड हवी, जाड हातमोजे हवेत, आणि चढावर ढकलगाडी न्यायला दुसरा माणूस हवा; हा खर्चही त्याच दोन रुपयांतून.