शेवटच्या पाच दिवसांचं गणित

कोकणातल्या आचऱ्याहून स्तनाच्या कर्करोगावरच्या रेडिएशनसाठी निघायचं म्हणजे कणकवली गाठायची, मग फोंडा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर रेल्वेनं मुंबई. तिथं तीन आठवडे नातेवाइकांकडे किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचं. सोमवार ते शुक्रवार रोज काही मिनिटं यंत्राखाली निजायचं आणि उठून परत यायचं. दुखत काही नाही, दिसत काही नाही. स्तनातली गाठ तर ऑपरेशननं आधीच निघालेली असते. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा खर्च भागला, तरी राहण्या-जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार घरावरच पडतो. दहाएक दिवस गेले की बाईच्या तोंडी येतं, "माका काय्येक दुखना नाय, गाठ पण काढली, मगे हय कित्याक ऱ्हवाचा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी दडलेलं आहे आणि ते विलक्षण आहे.

स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा 40 ग्रे डोस 15 भागांत देतात, म्हणजे एका वेळी साधारण 2.67 ग्रे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. एका वेळच्या डोसानं तो भाग एका अंशाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही तापत नाही. एवढ्याशा ऊर्जेनं काय होणार, असं वाटतं. पण आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो आणि त्या काही मिनिटांत, किरणांच्या वाटेतल्या प्रत्येक पेशीत, त्याचे दोन्ही धागे शंभरेक ठिकाणी तुटतात. आणि दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा यंत्राखाली निजेपर्यंत निरोगी पेशींनी त्यातले बहुतेक तुकडे शोधून, जुळवून, सांधलेलेही असतात. ती जेवत असते, झोपलेली असते, घरी फोन करत असते आणि आत हे काम चाललेलं असतं.

गाठ काढल्यावरही मागे राहिलेल्या कर्करोगाच्या पेशीला हे तितकं नीट जमत नाही. तिची दुरुस्तीची व्यवस्था बहुधा बिघडलेली असते आणि दुभंगायची घाई असते. तुटका डीएनए घेऊन ती दुभंगायला जाते आणि त्या प्रयत्नात मरते. कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी. म्हणून यंत्राखाली काहीच जाणवत नाही. दोन डोसांमधले रिकामे वाटणारे तास हेसुद्धा औषधच आहेत.

हे माणसाला कळलं ते मेंढ्यांमुळे. 1920च्या दशकात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉद रेगो या शास्त्रज्ञानं मेंढ्यांच्या वृषणांवर किरण सोडले. एकाच मोठ्या डोसानं नर वांझ करायला गेलं की कातडी सडायची. तोच डोस वाटून, मध्ये दिवस सोडून दिला की नर वांझ व्हायचा आणि कातडी शाबूत राहायची. भराभर दुभंगणाऱ्या पेशी मरतात आणि संथ पेशी सावरतात, ही त्यामागची गोष्ट. आजचं रोजचं वेळापत्रक त्याच शोधातून आलेलं आहे.

आता पंधरातले दहा झाले की दोन तृतीयांश उपचार झाला, असं वाटणं साहजिक आहे. पण समजुतीपुरतं धरू की प्रत्येक डोसानंतर उरलेल्यांपैकी निम्म्या पेशी जगतात. दहा डोसांनंतर 1,024 पेशींमागे एक उरेल. पंधरानंतर 32,768 मागे एक. म्हणजे शेवटचे पाच दिवस सोडले तर उरलेल्या पेशी बत्तीसपट. प्रत्यक्षातले आकडे वेगळे असतात, पण गुणाकाराची रीत हीच.

आचऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. गावपळणीत सारा गाव गुराढोरांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो आणि ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाल्याशिवाय परतत नाही. गाव लांबून ठीकठाक दिसतोय म्हणून दुसऱ्या रात्री कोणी घर उघडत नाही.

फायदा किती, तेही मोजलेलं आहे. स्तन राखून ऑपरेशन केलेल्या 10,801 बायकांच्या 17 चाचण्यांची माहिती 2011 साली एकत्र मांडली गेली. दहा वर्षांत कर्करोग परतण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय 35 टक्के होतं, रेडिएशननंतर 19.3. पंधरा वर्षांत या रोगानं मृत्यू येण्याचं प्रमाण 25.2 वरून 21.4 वर आलं.

पण सगळ्यांचा धोका सारखा नसतो, आणि हे रुग्णाला मोकळेपणानं सांगायलाच हवं असं मला वाटतं. पासष्टीपुढच्या, लहान गाठीच्या, काखेतल्या ग्रंथींत रोग न पसरलेल्या आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बायकांवरच्या, ब्रिटनमधून चालवलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2023 साली आले. रेडिएशनशिवाय दहा वर्षांत त्याच स्तनात रोग परतला 9.5 टक्क्यांत, रेडिएशननंतर 0.9 टक्क्यांत. जगण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. अशा बाईनं विचार करून नको म्हटलं, तर तिच्यावर कोणी डोळे वटारू नयेत. त्याआधी 2020 साली ब्रिटनमध्येच दिसून आलं होतं की अनेक बायकांना एका आठवड्यात पाच मोठे डोस तीन आठवड्यांइतकेच उपयोगी पडतात. आचऱ्याच्या बाईसाठी या वाचलेल्या दोन आठवड्यांची किंमत केवढी! म्हणून "हवंच का?" आणि "पाच दिवसांत भागेल का?" हे दोन्ही प्रश्न पहिल्या दिवसाआधी विचारायचे.

सुरू झाल्यावर थकवा येतो, कातडी काळवंडते, सोलवटते. तिची आग उपचार संपल्यावर आठ-पंधरा दिवसांनी सर्वांत जास्त होऊ शकते, त्यामुळे मधेच सोडल्यानं ती लगेच थांबेल असं नाही. डाव्या बाजूला रोग असेल तर काही ठिकाणी दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगतात. फुप्फुस फुगतं आणि हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतं. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

आणि मधेच चतुर्थी आली तर? घरच्या गणपतीसाठी कोकणातल्या माणसाचा जीव किती ओढतो, हे मुंबई-कोल्हापूरच्या डॉक्टरांना नवं नाही. न सांगता गाडी धरू नये. चुकलेला दिवस कधी शनिवारी भरून काढता येतो, कधी एकाच दिवशी निदान सहा तासांच्या अंतरानं दोन डोस देऊन. आखणीच्या दिवशीच पंचांग डॉक्टरांपुढे ठेवलं, तर सुरुवातच चार दिवस पुढे-मागे करता येते का, तेही पाहता येतं.