जुन्या संगणकाला नवा प्रोसेसर

नाशिकमधील एखाद्या लहान कार्यालयात २०११ च्या सुमारास घेतलेला डेस्कटॉप संगणक मंदावला, तर तो भंगारात काढण्याआधी त्याचा प्रोसेसर, म्हणजे सर्व आकडेमोड करणारी मुख्य चिप, बदलता येतो का हे पाहणे हिताचे ठरते. इंटेलच्या एलजीए ११५५ या सॉकेटमध्ये, म्हणजे चिप बसवण्याच्या चौकटीत, २०११ मधील दोन कोअरचा, म्हणजे दोन गणन-केंद्रांचा, आय३-२१०० बसतो, तसाच २०१२ मधील चार कोअरचा आय५-३४७० ही बसतो. मात्र ही नवी चिप ओळखता यावी म्हणून अनेक मदरबोर्डांवर, म्हणजे चिप जिच्यावर बसते त्या मुख्य पाटीवर, बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली, अद्ययावत करावी लागते आणि ते काम जुनी चिप जागेवर असतानाच उरकावे लागते.

खरी कसोटी चिप बसवताना लागते. या सॉकेटमधील नाजूक पिना बोर्डावरच असतात आणि एखादी जरी वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून चिपवरील त्रिकोणी खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवून ती दाब न देता अलगद ठेवावी आणि मगच खटका लावावा. चिप आणि पंख्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी, शिवाय पंख्यातील धूळही काढावी, कारण मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो.

हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची असेल, तर प्रोसेसर बदलण्याआधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान साठवण, बसवणेच श्रेयस्कर. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत या दोन्ही चिप नाहीत आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अशा संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवणे अधिक सुरक्षित.