खिशात मावणारे पिस्तूल

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुट्टीत माझा एक शाळासोबती घरी आला. चहा व्हायच्या आत त्याने पँटच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टीपॉयवर ठेवली. "परवाना आहे रे, घाबरू नकोस," तो म्हणाला. रुमाल उलगडला तर आत पिस्तूल. तळहातात झाकून जाईल एवढे, काळे, कडा झिजून पांढऱ्या झालेले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचा शिक्का. बोअर ०.२५, म्हणजे पाव इंच.

मित्र खानापूर तालुक्यातला. तिकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरले, हे वाचकांना ठाऊक असेलच. त्याचे वडील तमिळनाडूत होते. परतताना भांडीकुंडी, दोन ट्रंका आणि हे पिस्तूल घेऊन आले. ते गेल्यावर वारस म्हणून रीतसर परवाना मुलाच्या नावे झाला. मुलाचे आता तालुक्याच्या गावी सराफी दुकान आहे आणि आठवड्यातून दोनदा त्याला माल घेऊन सांगली-हुपरी करावी लागते. मागच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर त्याच्या ओळखीच्या एकाला लुटले होते.

"हेच ठेवू, की हे विकून पॉइंट बत्तीस घेऊ? तू एवढं वाचत बसतोस, सांग की लेका."

मी शस्त्रतज्ज्ञ नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीस वर्षे जुन्या खटल्यांचे निकाल, गॅझेटिअरे आणि कंपन्यांचे कॅटलॉग वाचणारा माणूस आहे. आठ दिवसांत सांगतो म्हणालो. अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांतले हे टिपण.

खिशात शस्त्र ठेवायची हौस पिस्तुलाइतकीच जुनी, पण तिला नाव मिळाले ते फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरवरून. एकच बार काढणारे, जाड गोळीचे, मुठीत लपणारे त्याचे पिस्तूल इतके खपले की नक्कल करणाऱ्यांनी नावात एक 'र' वाढवून 'डेरिंजर' हे सामान्यनामच करून टाकले. १४ एप्रिल १८६५ ला लिंकनवर चालले ते याच जातीचे. मग फ्रान्समध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 'वेलोडॉग' नावाचे रिव्हॉल्व्हर आले. वेलो म्हणजे सायकल. सायकलस्वारांच्या पोटऱ्यांना कुत्री झोंबत आणि तेव्हा पिसाळलेल्या कुत्र्याची भीती साधी नव्हती; पाश्चरची लस १८८५ ची. त्यासाठी साडेपाच मिलिमीटरची बारीक गोळी, आणि ज्यांना कुत्र्याचा जीव घ्यायचा नसे त्यांच्यासाठी मिरपूड भरलेली काडतुसेही मिळत. मला हे फार आवडले. शस्त्र कुणासाठी आणि कशासाठी, याचा इतका स्वच्छ विचार पुढच्या शंभर वर्षांत कुणी केलेला दिसत नाही.

आज ज्याला आपण खिशातले पिस्तूल म्हणतो ते जॉन ब्राउनिंग या एकाच माणसाचे देणे आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातला हा बंदूक-कारागीर बेल्जियममधल्या एफ.एन. कारखान्याशी जोडला गेला. त्याने आधी ०.३२ चे चपटे स्वयंचलित पिस्तूल दिले, आणि १९०५-०६ च्या सुमारास त्याहून लहान, ०.२५ चे. साडेचार इंच लांबी, चारशे ग्रॅमच्या आत वजन, मॅगझिनमध्ये सहा गोळ्या. कोल्टने हेच पिस्तूल १९०८ पासून अमेरिकेत काढले आणि त्याचे नावच 'व्हेस्ट पॉकेट', म्हणजे जाकिटाचा खिसा, असे ठेवले. इंग्रजांच्या वेब्लीनेही आपले ०.२५ आणले. मित्राच्या वडिलांचे ते याच पंगतीतले.

ब्राउनिंगने ०.२२ सोडून नवे काडतूस का काढले, हे समजून घेण्यासारखे आहे. ०.२२ ची गोळी तेव्हाही स्वस्त होती आणि ताकदही जवळपास तेवढीच. पण तिच्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या काठात, गोल कडेत भरलेला असतो. तो एखाद्या ठिकाणी कमी बसला आणि नेमका तिथेच टोला पडला की काडतूस फुसके. ०.२५ मध्ये मसाल्याची टोपी बुडाच्या मध्यभागी असते. म्हणजे ब्राउनिंगने जास्त ताकद मागितलीच नव्हती. चाप ओढला की बार उडाला पाहिजे, एवढीच त्याची मागणी होती. आपल्याकडे बोअरवर वाद घालणारे लोक ही गोष्ट हमखास विसरतात.

मराठी माणसाच्या स्मरणात ब्राउनिंग आले ते मात्र स्वसंरक्षणाच्या वाटेने नाही. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढे १९१४ मध्ये साराजेव्होला चालले तेही ब्राउनिंगच्याच रचनेचे पिस्तूल. चपटे आणि लहान असणे हा गुण ज्याला अंगरख्यात लपवून जवळ जायचे आहे त्याच्या फार कामाचा. पण माझ्या मित्राची गरज नेमकी उलटी आहे. त्याला कुणाच्या जवळ जायचे नाही; जवळ येणाऱ्याला थांबवायचे आहे.

इथे मला या विषयातली खरी गाठ सापडली. मारणे आणि थांबवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि लहान बोअर पहिली करू शकते, दुसरीची हमी देत नाही.

दोन उदाहरणे देतो. ६ सप्टेंबर १९०१ ला अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर ०.३२ च्या रिव्हॉल्व्हरमधून दोन गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याने ते रुमालाखाली लपवले होते. मॅकिन्ली गेले १४ सप्टेंबरला, जखम आतून सडून. मधले आठ दिवस ते जिवंत होते, शुद्धीवर होते. दुसरे उदाहरण थिओडोर रूझवेल्ट यांचे. १४ ऑक्टोबर १९१२ ला मिलवॉकीत त्यांना छातीत गोळी लागली, तीही ०.३८ ची. खिशातली भाषणाच्या कागदांची जाड घडी आणि चष्म्याचे पोलादी घर भेदून ती आत शिरली. रूझवेल्ट तसेच सभेला गेले आणि तास-दीड तास बोलले. गोळी शेवटपर्यंत त्यांच्या छातीतच राहिली.

हे दोघे हल्लेखोर नव्हते, सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या जागी कोयता घेऊन आलेला माणूस ठेवून पाहा. १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने पिस्तुलाच्या जखमांवर एक टिपण काढले. त्याचे सार असे की मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाली नाही तर माणूस तत्क्षणी कोसळेल असे धरून चालू नये. हृदय फाटले तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद हालचाल करण्यापुरता प्राणवायू उरतो. दहा सेकंदांत माणूस दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत येऊन परतही जाईल.

आता आकडे. ०.२५ ची गोळी सव्वातीन ग्रॅमची, वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास, ऊर्जा सुमारे ८५ ज्यूल. ०.३२ पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमच्या वर, ऊर्जा साधारण १७५ ज्यूल. पोलिसांच्या ९ मिलिमीटरची साडेचारशेच्या पुढे. हे आकडे कारखान्याचे. दोन इंची नळीतून त्यातलेही काही गळते. जाड कपडे, मग बरगडी, मग आतले अवयव, एवढा प्रवास ०.२५ च्या गोळीला नेहमी झेपत नाही. कादंबरीकारालाही हे ऐकावे लागले. इयन फ्लेमिंगने १९५३ मध्ये जेम्स बाँडच्या हाती ०.२५ ची बेरेटा दिली. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या जाणकार वाचकाने पत्र पाठवून त्यावर आक्षेप घेतला, आणि १९५८ च्या 'डॉक्टर नो'मध्ये बाँडला वॉल्थर पी.पी.के. मिळाले. बोअर कोणते? ७.६५ मिलिमीटर, म्हणजे आपले पॉइंट बत्तीसच.

मग मोठे घ्यावे, संपला प्रश्न? इथे खिसा आडवा येतो. पिस्तूल जितके हलके तितका त्याचा झटका हाताला जास्त. मूठ आखूड, करंगळीला जागा नाही; नळीवरचा नेम धरायचा माशीसारखा ठिपका दिसतो न दिसतो. पहिली गोळी कशीबशी लागेल, दुसरी छताला. नेमबाजी शिकवणारे लोक एक गोष्ट एकमुखाने सांगतात: हाताला न पेलणाऱ्या मोठ्या बोअरपेक्षा जागेवर लागणारी लहान बरी. आणि जड म्हणून घरी कपाटात राहिलेल्या शस्त्राचे बोअर शून्य.

मित्राला मी ते पिस्तूल उघडायला सांगितले. मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढून आत गोळी नाही हे दोनदा पाहिले, मग नळी उजेडाकडे धरली. आत बडीशेपेचा दाणा होता. खिशात किल्ल्या, सुटे पैसे, जेवणानंतरची बडीशेप आणि पिस्तूल, सगळे एकत्र नांदत होते. खिशात ठेवायचे तर तो खिसा फक्त त्याचाच हवा, आणि त्यातही चामड्याचे किंवा जाड कापडाचे चाप झाकणारे म्यान हवे. किल्ली चापात अडकली तर ती शत्रू-मित्र पाहत नाही. त्यातून या जुन्या पिस्तुलांत हातातून पडले तर बार उडू नये अशी आजच्यासारखी सोय नसते. म्हणून जाणती माणसे नळीत गोळी न भरता ती बाळगत. पण मग ऐन वेळी दोन हातांनी स्लाइड ओढावी लागते, आणि मित्राच्या एका हातात तर मालाची पिशवी!

रिव्हॉल्व्हरचे या बाबतीत बरे. स्लाइड नाही, खटका शोधायला नको, एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, चाक फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. फक्त ते फुगीर असते, शर्टाखाली दिसते.

भारतात निवड करायला वाव तरी किती? ९ मिलिमीटर हे निषिद्ध बोअर, सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी शस्त्राची आयात बंद. म्हणूनच वडिलांच्या त्या वेब्लीसारख्या जुन्या विलायती मालाला इथे त्याच्या लायकीपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. उरते मुख्यतः पॉइंट बत्तीस: त्यात सरकारी कारखान्यांचे रिव्हॉल्व्हर आणि 'अशनी' पिस्तूल. दोघांचे बोअर एकच म्हणतात, पण काडतुसे निराळी. पिस्तुलाचे आखूड, रिव्हॉल्व्हरचे लांब, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' आणले: टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, ५०० ग्रॅम वजनाचे, ०.३२ चे रिव्हॉल्व्हर, खास स्त्रियांच्या पर्समध्ये मावावे म्हणून. किंमत १ लाख २२ हजार ३६०. दिल्लीच्या निर्भयाच्या नावाशी ते जोडले होते. सव्वा लाखाची वस्तू आणि वर परवान्याच्या फेऱ्या, हे रात्री बसने घरी जाणाऱ्या कुठल्या मुलीला परवडणार होते, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

काडतुसांचा हिशोब वेगळाच. वर्षाला किती घ्यायची तो आकडा परवान्यावर लिहिलेला असतो. ०.३२ ची इथे बनतात. ०.२५ साठी मात्र जुना साठा नाहीतर महागडा विलायती माल. मित्राकडे वडिलांच्या वेळची अकरा उरली होती. मी म्हटले, त्यातली पाच उडवून बघ. जिल्ह्याच्या रायफल क्लबात परवानगी काढून तो गेला. पाचांतली दोन फुटली नाहीत. नुसती टक् असा आवाज. ब्राउनिंगने ज्या एका गोष्टीसाठी हे काडतूस बनवले तीच साठ वर्षांच्या दमट हवेने खाल्ली होती. मित्र त्या दिवशी फार बोलला नाही. एवढी वर्षे वडील, मग तो, उशाशी ठेवून झोपत होते.

कायद्याचेही सांगायला हवे, कारण त्याने ते विचारले नव्हते. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरतीच इजा करण्याचा, आणि धोका असेपर्यंतच. पाठमोऱ्या पळणाऱ्यावर झाडलेली गोळी त्यात बसवणे अवघड. आता लहान बोअरची गंमत पाहा. चोर तिथल्या तिथे थांबत नाही, कोयता चालवतो, पिशवी नेतो आणि आठ दिवसांनी रुग्णालयात मरतो. माल गेला, हात तुटला आणि खटला उभा राहिला. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र अंगावर म्यानात, झाकलेले हवे. लग्नाच्या वरातीत काढून दाखवायची सोय नाही. आणि निवडणूक आली की अनेकांचे शस्त्र पोलीस ठाण्यात जमा.

शेवटी मी त्याला सांगितले ते असे. वेब्ली विकून टाक, हौशी माणूस चांगले पैसे देईल. घ्यायचेच असेल तर ०.३२ चे रिव्हॉल्व्हर घे, खिशात नको, कमरेच्या म्यानात, बुशशर्टाखाली. परवाना देईल तेवढी काडतुसे दरवर्षी क्लबात उडवून संपव, जपून ठेवू नकोस. आणि पिशवी डाव्या हातात धरायची सवय कर.

विक्रीची परवानगी मिळाली, वेब्ली गेले. नवे अजून आलेले नाही, कागद फिरत आहेत. तोवर तो सांगलीला जाताना पुतण्याला बरोबर नेतो, निघायची वेळ आणि रस्ता बदलत राहतो. परवा भेटला तेव्हा सवयीने पँटच्या खिशात हात घातला, मग हसून शर्टाच्या खिशातून बडीशेपेची पुडी काढली.