किल्ली हाती आली, पण घर नावावर झाले का?

प्रतिनिधी

गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, जुन्या जागेचे भाडेही चुकलेले नसते. अशा वेळी विकासकाच्या कार्यालयातून दूरध्वनी येतो, 'उरलेली रक्कम भरा आणि किल्ली घेऊन जा.' दुहेरी खर्चाने मेटाकुटीला आलेले कुटुंब फारशी विचारपूस न करता धनादेश देऊन मोकळे होते. घरखरेदीतील बहुतेक अडचणींचे मूळ या शेवटच्या घाईत दडलेले असते. किल्ली हाती येणे आणि घर कायद्याने आपले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये असलेले कागदपत्रांचे टप्पे योग्य क्रमाने पार पाडणे ग्राहकाच्याच हिताचे असते.

करार आणि नोंदणी

स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार (रेरा) विकासकाला नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांची सवलत मिळू शकते. मात्र त्यासाठी नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड भरण्याची तयारी ठेवावी लागते.

नोंदणीपूर्वी मुद्रांक शुल्क भरावे लागते. करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम जास्त असेल, तिच्यावर हे शुल्क आकारले जाते. मुंबईत मेट्रो अधिभारासह हा दर ६ टक्के आहे. निवासी सदनिका केवळ महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, परंतु कमाल ३० हजार रुपये आहे.

मुंबईत बांधकाम सुरू असलेली ८० लाखांची सदनिका घेतली, तर मुद्रांक शुल्क ४ लाख ८० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार आणि ५ टक्के दराने वस्तू व सेवा कर ४ लाख, असा ९ लाख १० हजारांचा बोजा किमतीव्यतिरिक्त पडतो. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या तसेच जुन्या सदनिकांना हा कर लागू होत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर विक्रेत्याला देय रकमेतून १ टक्का प्राप्तिकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर कपातीचे नियम वेगळे असल्याने सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

निबंधक कार्यालयात छायाचित्र व अंगठ्याचा ठसा देण्यापूर्वी नाव, सदनिका क्रमांक, मजला, चटई क्षेत्र आणि वाहनतळाचा उल्लेख नीट वाचून घ्यावा. नंतर चूक लक्षात आल्यास दुरुस्तीचा दस्त करावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही पक्षांची उपस्थिती लागते. नोंदणीनंतर 'सूची क्रमांक २'चा उतारा आठवणीने घ्यावा. व्यवहाराची सरकारदरबारी नोंद झाल्याचा तो पुरावा असतो.

कळीचा कागद

ताबा घेण्यापूर्वीचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर आराखड्यानुसार बांधली असून ती राहण्यास योग्य आहे, याची ती अधिकृत पावती असते. हे प्रमाणपत्र मिळवणे ही विकासकाची जबाबदारी आहे. तरीही 'फर्निचरचे काम करून घ्या' असे सांगत 'फिट-आऊट'च्या नावाखाली किल्ल्या देण्याचा प्रकार सर्रास आढळतो. असा ताबा हा कायदेशीर ताबा नव्हे. काही वेळा प्रमाणपत्र अंशतः दिलेले असते. तेव्हा त्यात आपली विंग आणि आपला मजला आहे का, हे तपासावे.

या कागदाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणातून दिसते. सदस्यांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. परिणामी त्यांना मालमत्ता कर २५ टक्के, तर पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. प्रमाणपत्र न मिळवणे ही विकासकाच्या सेवेतील त्रुटीच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ११ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे ताब्यानंतर सुमारे २५ वर्षांनी. पुढे १७ डिसेंबर २०२४ च्या एका निकालात, पूर्णत्वाचे वा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यानंतरच वीज, पाणी आदी जोडण्या द्याव्यात, असे निर्देशही याच न्यायालयाने दिले.

करारातील तारीख उलटूनही ताबा मिळत नसेल, तर ग्राहक हतबल नाही. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. प्रकल्पात राहायचे असल्यास ताबा मिळेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याच्या विलंबासाठी व्याज मागता येते. त्यासाठी महारेराकडे तक्रार करता येते. भाडे आणि हप्ता यांच्या कात्रीत सापडलेल्यांनी अपुरा ताबा स्वीकारण्यापूर्वी या पर्यायाचा विचार जरूर करावा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर मात्र ग्राहकानेही दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ताबापत्रावर सही करण्यापूर्वी नळ, वीज, खिडक्या, भिंतींची ओल पाहून त्रुटींची यादी लेखी द्यावी. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे.

जुनी सदनिका घेताना

पुनर्विक्रीच्या व्यवहारात आधीच्या मालकाचे कर्ज फिटले आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. बँकेचा 'कर्ज बाकी नाही' असा दाखला आणि मूळ करारनाम्यांची संपूर्ण साखळी हाती आल्याशिवाय अखेरची रक्कम देऊ नये. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर घातले आहे. विलंब बँकेमुळे झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. सोसायटीची थकबाकी नसल्याची खात्री करून भाग प्रमाणपत्र आपल्या नावे करून घ्यावे. हस्तांतरणासाठी सोसायटीला २५ हजार रुपयांपेक्षा अधिक अधिमूल्य घेता येत नाही. त्यापाठोपाठ वीज देयक आणि मालमत्ता कराच्या नोंदीतही नाव बदलून घ्यावे.

जमीन कोणाची?

सदनिका नावावर झाली, तरी इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे व्हावी लागते. यालाच अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स म्हणतात. ते रखडले तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी सोसायटीची कोंडी होते. विकासक टाळाटाळ करीत असेल, तर २००८ मधील कायदा दुरुस्तीमुळे जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो.

शेवटचा हप्ता हे ग्राहकाच्या हातातील शेवटचे हत्यार असते. तो देण्याआधी नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, भोगवटा प्रमाणपत्र आणि पैसे भरल्याच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून पाहाव्यात. यातला एकही कागद कमी असेल, तर गृहप्रवेशाचा मुहूर्त पुढे ढकलणेच शहाणपणाचे.