लाल शैवाल : नाव एक, कुळे अनेक

चीक मिळाला नाही तरी घरातील वडीलधाऱ्यांना खरवसाची आठवण येतेच. अशा वेळी दुधात चायना ग्रास घालून तशीच मऊ, थरथरती वडी करून दिली जाते. हा पांढरा, कुरकुरीत पदार्थ नावाने गवत असला, तरी ते गवत नव्हे. समुद्रातील लाल शैवालांपासून काढलेला तो ‘अगर’ होय. आइस्क्रीम, सुगंधी दूध, टूथपेस्ट यांना दाटपणा देणारे कॅराजीननही लाल शैवालांचीच देणगी. वेष्टनावरील घटकांच्या यादीत 406 हा क्रमांक अगरचा, तर 407 कॅराजीननचा.

वाचकहो, ‘समुद्री शैवाल आरोग्याला उत्तम’ असे आपण अलीकडे वारंवार ऐकतो. परंतु कोणते शैवाल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

सागरोसागरी निराळे

लाल शैवालांच्या सुमारे 7,000 जाती ज्ञात आहेत. मोरोक्को, स्पेन, पोर्तुगाल, जपान यांच्या खडकाळ किनाऱ्यांवर जेलिडियम वाढते. चिली, चीन, इंडोनेशिया येथे ग्रासिलेरियाचे पीक घेतात. दोहोंपासून अगरच मिळते, पण त्याचा घट्टपणा निराळा असतो. तामिळनाडूतील मन्नारच्या आखातात जेलिडिएला आढळते. तेथील मच्छीमार स्त्रिया अनेक दशकांपासून ते हाताने गोळा करीत आल्या आहेत. जपानी ‘नोरी’ ज्या कुळातील, त्याच कुळातील एक शैवाल पावसाळ्यात आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवते.

लाटांचा मारा, प्रकाश, पाण्याची खोली यांनुसार एकाच जातीचे रूप पालटते; उलट, भिन्न जाती हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणून शास्त्रज्ञ आता रूपापेक्षा डीएनएवर अधिक विसंबतात.

एकाच रोपाची लेकरे

या तपासणीतून एक चिंताजनक गोष्ट उघड झाली. कॅराजीननसाठी लावल्या जाणाऱ्या कॅपाफायकसची व्यापारी शेती 1970च्या दशकाच्या सुरुवातीस फिलिपाइन्समध्ये सुरू झाली. तेथून ते अनेक देशांत पोहोचले. जपानमार्गे ते भारतातही आले आणि रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर वाढू लागले. ही लागवड बियांनी नव्हे, तुकड्यांनी होते: एका रोपाची फांदी तोडायची आणि दोरीला बांधायची. त्यामुळे देशोदेशींचे पीक बहुतांशी एकाच आनुवंशिक गटातील निघाले. आग्नेय आशियातील रानटी शैवालांत मात्र कितीतरी अधिक विविधता आहे.

घरातील सारी माणसे एकाच प्रकृतीची असली, तर एकाच साथीत सारे घर आडवे होते. येथेही तसेच घडते. पाणी तापले की फांद्या पांढऱ्या पडून गळतात. या विकाराला ‘आइस-आइस’ म्हणतात. 2013 नंतर तामिळनाडूत हे पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि तराफ्यांवर पोट असलेल्या स्त्रियांची मिळकत आटली. रानटी वाण जपणे म्हणजे त्यांच्या चुलीची निगा राखणे होय.

आपल्या घरासाठी

हीच विविधता खाणाऱ्यालाही सावध करते. आयोडीनचे प्रमाण जातीनुसार आणि किनाऱ्यानुसार बदलते. कोम्बूसारख्या तपकिरी शैवालांत ते अतिशय जास्त असते, नोरीत पुष्कळ कमी. म्हणून थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, केवळ ‘सीवीड’ एवढेच लिहिलेली भुकटी वा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. नोरीत ‘के’ जीवनसत्त्व असते; वॉरफरिन घेणाऱ्यांनी ती खाण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

अगर जवळजवळ संपूर्ण तंतुमय पदार्थ आहे. त्यामुळे मलावरोधात त्याची मदत होऊ शकते; मात्र ते उकळून पूर्ण विरघळलेले असावे आणि सोबत पुरेसे पाणी घ्यावे. कोरडी भुकटी कधीही गिळू नये; ती अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पक्षाघात, पार्किन्सन वा स्मृतिभ्रंशामुळे गिळण्यास त्रास होत असेल, तर अधिक दक्षता हवी. अगर सुमारे 85 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे तोंडात ते वितळत नाही, त्याचे निसरडे तुकडे होतात आणि ठसका लागू शकतो. जिलेटिनची जेली वा आइस्क्रीम मात्र तोंडातच पातळ होते. तेही अशा रुग्णाला त्रासदायक ठरू शकते. कोणता दाटपणा सोसेल, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे. भरवताना आजी-आजोबांना ताठ बसवावे, छोटा घास द्यावा, आणि पहिला घास गिळून झाल्याची खात्री केल्यावरच दुसरा द्यावा.

पुढच्या वेळी शैवालाचे एखादे पाकीट हाती आले, तर आरोग्याच्या दाव्यांआधी त्यावर जातीचे नाव आणि किनारा शोधा. ते लिहिलेले नसेल, तर ते पाकीट परत ठेवण्यात काहीच नुकसान नाही.