पंप गेला, भोक राहिलं!

मुलांनो, मे महिन्यात धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला जाताना एक देखावा हमखास दिसतो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, बॉनेट उघडं, आतून वाफेचे लोट आणि निंबाच्या सावलीत बसलेली घरची मंडळी. पारा ४५ अंशांच्या आसपास. "काय झालं हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "गाडी गरम झाली!"

पण गाडी गरम होते म्हणजे नेमकं काय होतं?

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. मग इंजिन वितळत कसं नाही? कारण त्याच्या भिंती पोकळ असतात आणि त्या पोकळीतून सारखं पाणी खेळत असतं. हे पाणी उष्णता घेऊन पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं. तिथे वाऱ्याने निवतं आणि पुन्हा आत जातं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग असा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो.

या पाण्याला फिरवतो वॉटर पंप. तो इंजिनला पट्ट्याने जोडलेला असतो. इंजिन जोरात फिरलं की पंपही जोरात, इंजिन मंद झालं की पंपही मंद. इथेच खरी गोम आहे. भर उन्हात घाटात ट्रकमागे गाडी अडकली की इंजिन तापलेलं असतं, पण फिरतं हळू. म्हणजे पाण्याची गरज जास्त आणि पंप मात्र सुस्त! गाडी बंद केली की पंपही थांबतो. धातू तापलेलाच राहतो आणि पाणी जागच्या जागी उकळू लागतं.

यावर उपाय निघाला विजेवर चालणाऱ्या पंपाचा. तो बॅटरीवर चालतो. इंजिन किती वेगाने फिरतंय हे तो बघत नाही, पाणी किती तापलंय ते बघतो. इंजिन बंद झाल्यावरही दोन-चार मिनिटं चालू राहू शकतो. २००९ साली आलेल्या टोयोटा प्रियस गाडीत कारखान्यातूनच असा पंप होता. विजेवरच्या गाड्यांतही बॅटरी थंड ठेवायला असाच पंप लागतो. काही हौशी मंडळी मात्र जुन्या गाडीचा पट्ट्यावरचा पंप काढून तिथे विजेचा पंप बसवून घेतात.

आता डोकं चालवा. जुना पंप काढला, नवा दुसरीकडे नळीवर बसवला. मग जुन्या पंपाच्या जागी काय राहिलं? एक मोठं भोक! शिवाय पाण्याच्या बारक्या आडवाटेचं आणखी एखादं. ती बुजवली नाहीत तर?

केळीच्या बागेतलं ठिबक पाहिलंय ना? बारीक नळीच्या शेवटच्या टोकाला घडी घालून आठच्या आकड्यासारखी कडी अडकवलेली असते. ती कडी निघाली तर सगळं पाणी टोकातून वाहून जातं आणि झाडांपाशी थेंबही नीट पडत नाही. इंजिनचंही तसंच. पाणी भलत्या वाटेने गेलं की जिथे हवं तिथे पोहोचत नाही.

मग ते भोक बुजवायचं कसं? त्यावर धातूची जाड पट्टी बसवतात. मेकॅनिक तिला सरळ 'डमी' म्हणतात. आधी पुठ्ठ्यावर पंपाच्या बुडाचा आकार आणि बोल्टची भोकं पेन्सिलीने गिरवून घ्यायची. त्या मापाने पट्टी कापायची. ती जाडच हवी, कारण आतल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या आसपास असतो. पट्टी ५० चौरस सेंटिमीटरची असेल तर तिच्यावर किती रेटा येईल? बरोबर, ५० किलो! पातळ पत्रा वाकणारच.

धातूवर धातू कितीही घट्ट आवळा, पाणी झिरपतंच. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावरही बारीक डोंगर-दऱ्या असतात. त्या भरायला मध्ये मऊ थर लागतो, तो म्हणजे गॅस्केट. कुकरच्या झाकणातली रबरी रिंग हेच काम करते. नवी गॅस्केट बसवण्याआधी जुनीचे तुकडे खरवडून जागा स्वच्छ करायची. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूने आवळले तर दुसरी बाजू उचलली जाते. काही बोल्टची भोकं थेट पाण्यात उघडतात, म्हणून त्यांच्या आट्यांनाही सीलंट लावावं लागतं. पण सीलंट फार थापलं तर आत तुकडे सुटतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. पुरेसं लावायचं, भरमसाट नाही!

प्रत्येक गाडीला हे जमतंच असं नाही. २०१४ पर्यंत बनत असलेल्या अँबॅसिडर गाडीचा पंखाच पंपावर बसवलेला असे. पंप काढला की पंखाही जाणार, म्हणजे विजेचा पंखा बसवणं आलं. काही इंजिनांत पंप टायमिंगच्या पट्ट्यावर असतो. तो नुसता काढला तर पट्टा सैल पडून इंजिनच मोडेल. आणि विजेच्या पंपाचा फ्यूज उडाला तर पाणी थांबतं, म्हणून चालकासमोर धोक्याचा दिवा हवाच.

करून पाहा

झाकणाची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या. मोठ्यांच्या मदतीने तिला टाचणीने भोक पाडा. झाकण घट्ट लावून बाटली बादलीत बुडवा आणि दाबा. बुडबुडे येतील. आता बाटली पुसून भोकावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, वरून रबरबँड गुंडाळा आणि पुन्हा दाबा. मग पुठ्ठ्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून पाहा. बुडबुडे कशाने थांबले? का थांबले? पंक्चरवाले काका पाण्याच्या घमेल्यात हेच तर बघतात!

आणि हे विसरू नका

रेडिएटरचं झाकण पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते १०० अंशांना उकळत नाही. दाब पुरेसा असेल तर १२० अंशांपर्यंतही तग धरतं. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम जातो, पाणी क्षणात उसळतं आणि तोंड-हात भाजतात. शिट्टी होत असलेला कुकर आपण उघडतो का? तसंच हे. झाकणाला तुम्ही हात लावायचाच नाही. मोठ्यांनाही सांगा, निदान अर्धा तास थांबा. कुणी भाजलंच तर त्या जागेवर २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. मग डॉक्टरांकडे चला.

पालकांनाही एक विनंती. रेडिएटरच्या पाण्यात घालतात ते रंगीत कूलंट बहुधा विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. ते प्यायच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. उन्हातून तहानलेलं पोर घरात आलं, की बाटलीवर काय लिहिलंय ते वाचत बसत नाही.