शंभर किलोमीटरवरचे दोन ढग

रडारची शक्ती वाढवली की चित्र स्पष्ट होतं, असं अनेकांना वाटतं. शक्तीमुळे दूरचं दिसतं, हे खरं. पण शेजारचे दोन ढग वेगळे दिसणार का, हे ठरतं झोताच्या रुंदीवर.

चेन्नईचं हवामान रडार घ्या. तरंगलांबी सुमारे 10 सेंटिमीटर, अँटेनाची तबकडी 8.5 मीटर व्यासाची, झोत साधारण 1 अंशाचा. ऐकायला बारीक वाटतो ना? 100 किलोमीटरवर तोच पावणेदोन किलोमीटर रुंद होतो, 200 वर साडेतीन. त्याहून जवळ असलेल्या दोन जोरदार सरी पडद्यावर एकच दिसतात. मग पाणी कुठल्या ओढ्याला येणार, हे कसं सांगायचं?

झोत अरुंद करायला तबकडी मोठी करा, नाहीतर तरंगलांबी कमी करा. 3 सेंटिमीटरच्या लहरींना अडीच-तीन मीटरची तबकडी पुरते. डोंगरावर चढवायलाही सोपी. मात्र मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात आणि सरीमागची सर झाकली जाते. म्हणून चक्रीवादळं येणाऱ्या किनाऱ्यासाठी मी मोठ्या तबकडीच्याच बाजूने.

शिवाय तबकडीच्या कडांना मुद्दाम कमी ऊर्जा देतात. त्यामुळे आजूबाजूचे उपझोत दबतात, पण मुख्य झोत थोडा रुंदावतो.